चार नंबरच्या घराची यादी

ग्लेनिस ब्लेंकिनच्या नजरेतून काही सुटत नाही, असं इंग्लंडमधल्या हल शहराच्या त्या भागात सगळेच म्हणत. ही नजर तिनं कष्टानं कमावलेली होती. बावीस वर्षं ती मासळीच्या कारखान्यात उभी राहिली. काचेचं टेबल, खालून दिवा, वर कॉड माशाचा सोललेला तुकडा, आणि त्यात राहिलेला केसाएवढा काटा शोधून चिमट्यानं उपसायचा. दिवसाला हजारभर तुकडे. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरीच्या बायका शाळांच्या स्वयंपाकघरात नाहीतर इस्पितळात सफाईला लागल्या. ग्लेनिसला घरं भाड्यानं देणाऱ्या एका एजन्सीत काम मिळालं.

भाडेकरू यायच्या आधी रिकाम्या घरात जायचं, खोली न् खोली बघायची, आणि जे आहे ते लिहायचं. किती खुर्च्या, किती चमचे, कुठल्या भिंतीवर कसला डाग, गालिच्यावर इस्त्रीचा चटका कुठे. फोटो काढायचे, मीटरचा आकडा टिपायचा, किल्ल्या मोजून द्यायच्या. भाडेकरू गेला की तीच यादी हातात घेऊन पुन्हा फिरायचं आणि काय मोडलं, काय हरवलं, काय नुसतं वापरानं झिजलं ते ठरवायचं. घर झिजणारच. ओरखडा कुठला आणि झीज कुठली, एवढं ज्याला कळतं त्याला हे काम जमतं.

नवरा क्लिफ गोदीत क्रेन चालवायचा. एवढा थोरला गडी, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. क्लबात बसला की सांगायचा, "आमची ही रोज झोपायच्या आधी मला तपासते. सकाळी एखादा ओरखडा जास्त दिसला तर संपलंच!" लोक हसायचे आणि ग्लेनिस त्याच्या दंडावर चापट मारायची. मूलबाळ नव्हतं. दोघांचं चांगलं चाललं होतं.

लॅव्हेंडर ग्रोव्हमधलं चार नंबरचं घर तिच्याकडे आलं ते दोन हजार नऊच्या शरदात. मोठ्या रस्त्याला काटकोनात फुटलेली एक अरुंद फरसबंद वाट, दोन्ही बाजूंना पाच-पाच घरं, समोरासमोर दारं. गाडी आत जात नाही. एक म्हातारी तिथं एकटी राहायची. ती वारल्यावर घर पुतण्याकडे आलं. पुतण्या स्पेनमध्ये. त्यानं तिकडूनच एजन्सीला कळवलं, सामानासकट भाड्यानं द्या, मला फोन करू नका, आणि दुरुस्तीचा खर्च तर मुळीच काढू नका.

ग्लेनिसनं सवयीप्रमाणे सगळं टिपलं. न्हाणीघरातल्या बेसिनला वीतभर लांब तडा. स्वयंपाकघरात टेबलाच्या चार खुर्च्या. कपाटाच्या चार खणांपैकी तिसऱ्याला मूठ नाही. मांडणीवर निळ्या नक्षीची एक मोठी ताटली, तिचा काठ फुटलेला. तसल्या ताटल्या तिच्या आईकडे होत्या, मावशीकडे होत्या. पूल, झाड, होडी आणि वर आभाळात दोन पक्षी. या ताटलीचा टवका उडाला होता तो नेमका एका पक्ष्यासकट. तिनं ताटलीचा फोटो घेतला आणि घर दोन पोलिश भावांच्या ताब्यात दिलं. कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, बनवणाऱ्या कारखान्यात काम करणारी पोरं, साधीसुधी.

चौदा महिन्यांनी भाऊ गेले. ग्लेनिस यादी घेऊन आत शिरली. गालिचा जरा मळला होता, ओव्हनमध्ये चरबी होती. म्हणजे नेहमीचंच. मग ती न्हाणीघरात गेली आणि उभीच राहिली. बेसिनला तडा नव्हता.

बेसिन बदललं म्हणावं तर तेच होतं. तळाशी गंजाचा जुना ओघळ होता, नळाच्या बुडाशी मुलामा उडालेला होता. तिनं तड्याच्या जागेवरून नख फिरवलं. कुठे अडलं नाही. खाली आली. तिसऱ्या खणाला मूठ होती, इतर तिघांसारखीच, लाकडाची. नवी मूठ नवी दिसते. ही मात्र बोटांनी धरून धरून गुळगुळीत झालेली होती, जणू ऐंशी वर्षं कुणी तोच खण उघडत होतं. आणि मांडणीवरच्या ताटलीचा काठ अख्खा होता. सांधा दिसत नव्हता, डिंकाचा टिपूस नव्हता. फुटक्या जागी पक्षीही आला होता. पण एक नाही, दोन आले होते. ताटलीवर आता तीन पक्षी होते.

तिनं धाकट्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, आम्ही त्या ताटलीला हातसुद्धा लावला नाही. आम्ही कागदी ताटल्यांत जेवायचो. घर आवडलं नाही आम्हाला."

"का रे?"

"फार नीटनेटकं होतं," तो म्हणाला.

एजन्सीचा मॅनेजर स्टुअर्ट पिक, वयानं तिच्या अर्ध्यावर. तिनं त्याच्यासमोर दोन्ही फोटो ठेवले. त्यानं एकदा पाहिले, एकदा तिच्याकडे पाहिलं. "ग्लेनिस, लोक घर मोडून ठेवतात म्हणून आपलं पोट चालतं. घर आपोआप सुधारतं असं लिहिलंस तर मला वेड्यात काढतील. दुसऱ्या कुठल्या घराचे फोटो यात मिसळले असतील. चष्म्याचा नंबर तपासून घे बघू."

तिनं चष्म्याचा नंबर तपासून घेतला. तोच होता.

पुढचा भाडेकरू बंदरावरचा कारकून होता. तो वर्षभर राहिला आणि गेला. त्या खेपेला जिन्याचा हलणारा कठडा घट्ट झालेला होता आणि पुढच्या खोलीच्या खिडकीची तडकलेली काच सलग झाली होती. त्या काचेतून पाहिलं की समोरच्या तीन नंबरचं दार किंचित डावीकडे दिसायचं, जिथं ते नव्हतं. ग्लेनिसनं यादीत लिहिलं : काच, स्थिती चांगली. दुसरं काय लिहिणार? क्लिफला मात्र तिनं सांगितलं. तो म्हणाला, "अगं मग आपलं गळकं छप्पर तिकडे नेऊन ठेव की!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला.

त्यानंतर दोन महिन्यांनी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, बुटाची नाडी बांधता बांधता क्लिफ कलंडला. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सहा आठवड्यांनी इस्पितळातून घरी आला तेव्हा त्याच्याजवळ एकच शब्द उरला होता : मंगळवार. पाणी हवं, मंगळवार. उशी सरकली, मंगळवार. राग आला की मंगळवार, रडू आलं की मंगळवार. असं होतं म्हणाले डॉक्टर, कुठला तरी एक शब्द अडकून राहतो. ज्या माणसाच्या बडबडीनं अख्खा क्लब हसायचा तो आता खिडकीशी बसायचा. जुने दोस्त भेटायला यायचे, पाच मिनिटं बसायचे, टोपी फिरवत उठायचे. हळूहळू येईनासे झाले.

त्या वसंतात चार नंबरला जोडी स्टॅदर्स आली. बेकरीत काम करणारी चोवीस वर्षांची मुलगी, एकटी, बरोबर टोपलीत एक म्हातारी मांजर. ग्लेनिस तिला यादी वाचून दाखवत होती.

"बापरे, चमचेसुद्धा मोजता तुम्ही?" जोडी हसत म्हणाली.

"अकरा. बारावा तुझ्या आधीच गेलाय, तो तुझ्या माथी नको यायला."

"आणि हिला कुठे लिहिणार?" तिनं टोपलीचं झाकण उघडलं. राखाडी मांजर बाहेर आली, मागचा डावा पाय हवेत धरून तीन पायांवर लंगडत. ग्लेनिसनं हात पुढे केला तर तिनं कचकन चावा घेतला.

"अगं बाई! सॉरी, सॉरी. मला पण चावते. लहानपणी गाडीखाली सापडली, तेव्हापासून सगळ्या जगावर राग आहे तिचा. मार्जी नाव."

ग्लेनिस बोट चोखत म्हणाली, "स्थिती : वापरानं झिजलेली, पण कामाची." दोघी खूप हसल्या. क्लिफ आजारी पडल्यापासून ग्लेनिस पहिल्यांदाच अशी हसली होती.

नऊ महिन्यांनी जोडीनं घर सोडलं. करार संपायला अजून तीन महिने होते. जानेवारीतला सोमवार, सकाळचे अकरा. ग्लेनिस पोचली तर सामान बाहेर फरशीवर रचलेलं आणि जोडी कोट घालून दाराबाहेरच उभी. आत यायला तयार नाही.

"तुम्ही बघून या. मी इथंच थांबते."

"काय झालं पोरी? कुणी त्रास दिला का?"

"तुम्ही मला वेडी म्हणाल."

"मला इथं बरीच वर्षं झाली येऊन. बोल तू."

जोडीनं आत बोट दाखवलं. जिन्याच्या चौथ्या पायरीवर मांजर बसली होती, अंग सरळ, शेपूट पायांभोवती नीट गुंडाळलेली. ग्लेनिसला पाहून ती उठली आणि दोन पायऱ्या उतरली. चारही पाय जमिनीला टेकत होते. लंगडेपणाचा मागमूस नव्हता.

"ऑक्टोबरात झालं," जोडी म्हणाली. "मी कामावरून आले तर ही अशी चालत होती. मला इतका आनंद झाला! जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं तर तो म्हणाला, हाड कधी मोडलंच नव्हतं. मी उचलून घेतलं हिला, घरभर नाचले. पण बाई, ती चावली नाही. त्या दिवसापासून एकदाही चावली नाही. हाक मारली तर येते, मांडीवर घेतलं तर बसते, खाली ठेवलं तर उतरते. तोंडातून आवाज नाही. मी टीव्ही बघत असले की ती मला बघते. ही माझी मार्जी नाही. माझी मार्जी मला चावायची."

ग्लेनिसनं वाकून हात पुढे केला. मांजर आली आणि तिनं आपलं डोकं त्या तळव्याखाली ठेवलं, सांगितल्यासारखं. अंग कोमट होतं. त्यात मांजरीच्या घुरघुरीची कसलीच थरथर नव्हती.

"हिला नेणार नाहीस?"

जोडीनं नकारार्थी मान हलवली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मोठ्या रस्त्यावर तिच्या भावानं गाडीचा भोंगा वाजवला आणि ती सामान उचलून चालू लागली. तिनं मागे पाहिलं नाही.

ग्लेनिसनं काम उरकलं. खाली चार खुर्च्या टेबलात सरकवलेल्या, खण ठीक. मांजर तिच्यापुढे वर गेली होती. वर दोनच खोल्या आणि न्हाणीघर. तिनं पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. खिडक्या बंद होत्या. मांजर कुठेही नव्हती. तिनं खाली येऊन चमचे मोजले. बारा भरले.

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस ग्लेनिसच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. पाय. मोडलेला पाय बरा झाला, हाड कधी मोडलंच नव्हतं इतका. जोडीचं बाकीचं बोलणं तिला आठवत होतं, पण ती ते बाजूला सारत होती. मांजर चावायची थांबली. बरं मग? क्लिफ काही चावत नव्हता. तिनं त्याला सूप भरवलं, हनुवटी पुसली, आणि तो म्हणाला, "मंगळवार," म्हणजे पुरे. तिच्या मनात आलं, या माणसाचं एक वाक्य, कुठलंही, फक्त एक वाक्य ऐकायला मी काय देणार नाही?

गुरुवारी दुपारी तिनं त्याला कोट चढवला, टोपी घातली, गाडीत बसवलं. मीटरचा आकडा टिपायचा राहिलाय, असं त्याला सांगितलं. आकडा टिपलेला होता. ती कधीच काही विसरत नसे. बाहेर लख्ख ऊन होतं आणि सावलीतलं दव अजून पांढरं होतं. तिनं गाडी रस्त्याच्या कडेला लावली. क्लिफच्या डाव्या हातात काठी, उजव्या बाजूला ती. तो पाय फरफटवत येत होता आणि मधूनच तिच्याकडे बघून हसत होता, कारण कित्येक दिवसांत ती त्याला कुठे बाहेर घेऊन आलीच नव्हती.

तिनं किल्ली फिरवली. दार उघडलं तेव्हा आतून ऊब आली. सोमवारी तिनं घर गरम ठेवणारा गॅस स्वतःच्या हातानं बंद केला होता.

दारातून सरळ बोळ, बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. मधलं दार सताड उघडं. टेबल दिसत होतं. तीन खुर्च्या आत सरकवलेल्या होत्या. चौथी बाहेर ओढलेली होती, दाराकडे तोंड करून, थकलेल्या माणसाला बसायला सांगावं तशी.

"चल, क्लिफ," ती म्हणाली. "थोडा वेळ बस. मी इथंच आहे."

क्लिफनं काठी टाकली. डाव्या हातानं त्यानं दाराची चौकट पकडली.

"चल ना. पाच मिनिटं."

"मंगळवार."

"अरे, ऊन गेलं की गारठशील. चल."

"मंगळवार. मंगळवार!" आवाज चढला. डोळे आत लागलेले. तिनं त्याच्या कमरेला हात घातला आणि ओढलं. पन्नास वर्षं क्रेनचे दांडे ओढलेला पंजा तो, एक इंचही हलला नाही. मग ग्लेनिसनं अशी गोष्ट केली जी तिला मरेपर्यंत विसरता आली नाही. ती त्याची बोटं चौकटीवरून एकेक करून सोडवू लागली. करंगळी. तिच्या शेजारचं. ती रडत होती आणि म्हणत होती, "तुझ्यासाठीच, अरे तुझ्याच भल्यासाठी." मधल्या बोटाचं नख लाकडाच्या कपच्यात अडकून उलटलं आणि रक्त आलं. क्लिफ ओरडला नाही. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. लग्नाच्या छत्तीस वर्षांत तो तिला कधी भ्यालेला दिसला नव्हता. आता तो भ्यालेला होता, आणि आतल्या खुर्चीला भ्यालाय की आपल्याला, हे तिला सांगता आलं नसतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात खण उघडल्याचा आवाज झाला. सावकाश, पूर्ण उघडेपर्यंत. मग आतल्या वस्तू एकेक करून टेबलावर ठेवल्या जात असल्यासारखा. कामाला बसण्यापूर्वी कारागीर हत्यारं मांडतो तसा. घाई नव्हती. प्रत्येक वस्तू ठेवल्यावर क्षणभर शांतता, जणू ती सरळ ठेवलीय ना हे कुणी पाहत होतं.

ग्लेनिसनं त्याची बोटं सोडली. उलट आपला हात त्या हातावर दाबून धरला. "नको," ती मोठ्यानं म्हणाली. क्लिफला नाही, आत. "आमचं काही दुरुस्त करायचं नाही. याला असाच राहू दे."

आवाज थांबला. खुर्ची तशीच होती. दाराशी उन्हात उभं असूनही दोघांच्या तोंडातून वाफ येत होती आणि आतली ऊब त्यांच्या अंगावर येत होती. तिनं दार ओढून घेतलं. किल्ली फिरवली आणि काठी उचलून पुन्हा क्लिफच्या डाव्या हातात दिली.

गाडीत बसल्यावर तिनं त्याचं बोट रुमालात गुंडाळलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून बटाट्याची तळलेली पॅटी आणि चिप्स आणल्या, त्याच्या आवडीचा लाल मसाला भरपूर घालून. तो डाव्या हातानं खात होता, अर्धं कोटावर सांडत होतं. तिनं पुसायला हात नेला तर त्यानं तो चक्क झटकला. "मंगळवार," तो रागानं म्हणाला. ती म्हणाली, "हो, चुकलं माझं. फार चुकलं." मग त्यानं एक चिप उचलून तिच्या तोंडाशी धरली.

दुसऱ्या दिवशी तिनं किल्ल्या स्टुअर्टच्या टेबलावर ठेवल्या. हे घर मी यापुढे करणार नाही, दुसरं कुणी बघा. त्यानं कारण विचारलं. ती म्हणाली, "तिथं माझ्या हातून चूक होते." स्टुअर्टनं किल्ल्या उचलून घेतल्या आणि बहुतेक पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. घर नाइजेल नावाच्या माणसाकडे गेलं. त्याला तिथं कधी काही खटकलं नाही. सगळ्यात सोपं घर म्हणायचा तो, आधीची यादी उतरवून काढली की झालं. ग्लेनिसनं त्याला एकदाच सांगितलं, ज्यांच्यात आजारी माणूस किंवा लहान मूल असेल त्यांना ते देऊ नका. तो हसला. पण योगायोग असो की काय, एजन्सीनं पुढे ते एकट्या धडधाकट माणसांनाच दिलं. ती माणसं तिथून गेल्यावर कशी होती, हे नाइजेलनं कधी टिपलं नाही. यादीत तो रकाना नसतो.

क्लिफ आणखी चार वर्षं जगला. नख पुन्हा आलं, जरा वाकडं. दर बुधवारी ग्लेनिस त्याला बोलायला शिकवणाऱ्या बाईकडे नेत असे. तिथं त्यानं दीड वर्षात दोन शब्द कमावले. पहिला चहा. दुसरा गोदीवरची एक अस्सल शिवी, जी त्यानं त्या बाईच्या तोंडावर अशी काही फेकली की ग्लेनिस लाजेनं लाल झाली आणि घरी येईपर्यंत हसत राहिली. तीन शब्दांत माणसाला किती सांगता येतं, हे तिला त्या वर्षांत कळलं. क्लबातले दोस्तही पुन्हा यायला लागले, शिवी ऐकायला.

तो गेला एप्रिलमधल्या एका दुपारी, आपल्या खुर्चीत, खिडकीशी. ग्लेनिस स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली तेव्हा त्याचं तोंड किंचित उघडं होतं. तिनं कप खाली ठेवला आणि त्याचा हात गार होईपर्यंत तो हातात घेऊन बसून राहिली.